थंडीत तलावातल्या मरळीवर नजर ठेवा : ईयूएस रोगाची पाहणी

नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचे आणि बोड्यांचे, म्हणजे लहान तळ्यांचे, पाणी गार पडते. माशांच्या अंगावर लाल चट्टे उठून पुढे खोल जखमा करणारा ईयूएस (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम) रोग याच दिवसांत डोके वर काढतो. तो ॲफॅनोमायसिस इनव्हॅडन्स या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. पाणी १८ ते २२ अंशांवर उतरले की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि या जीवाचे पोहणारे बीजाणू कातडीतून आत शिरतात. त्यात अवकाळी पाऊस होऊन पाण्याचा सामू (पीएच) उतरला तर धोका आणखी वाढतो. भारतात हा रोग १९८८ साली ईशान्येकडून आला आणि काही वर्षांतच देशात बहुतेक ठिकाणी पोहोचला.

शेततळे असेल तर चुना टाकता येतो. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने काढलेले सीफॅक्स हे औषधही एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी १ लिटर या प्रमाणात देता येते. मोठ्या तलावात, नदीत, धरणात मात्र औषध टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. तिथे वेळीच ओळखणे आणि रोग पुढच्या पाण्यात जाऊ न देणे एवढेच आपल्या हातात आहे. हे काम रोज जाळे काढणाऱ्या ढीवर बांधवांइतके चांगले दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

मच्छीमार सहकारी संस्थेचे लक्ष साहजिकच सोडलेल्या बीजाकडे, म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांच्याकडे असते, कारण हिशेब त्यांचाच असतो. पण रोग बहुधा आधी दिसतो तो आपोआप वाढणाऱ्या माशांत: मरळ, डोक, वाम आणि पुंटियस जातीची बारीक मासळी. म्हणून थंडीत जाळ्यात आलेली ही ‘फुकटची’ मासळी आधी हातात घेऊन नीट पाहा. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी (तिलापिया) यांना हा रोग सहसा होत नाही. तेच मरत असतील तर कारण दुसरे शोधा.

सुरुवातीला अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात. पुढे त्या जागी खवले गळतात, लाल किंवा करडा व्रण होतो आणि शेवटी मांस, कधी डोक्याचे हाडही उघडे पडते. असा मासा काळवंडतो, खाणे सोडतो, पृष्ठभागाशी सुस्त तरंगतो. पण प्रत्येक जखम ईयूएसची नसते. फाशाच्या जाळ्याचा वळ गळ्याभोवती किंवा अंगाभोवती गोल असतो. पक्ष्याच्या चोचीची खूण बहुतेक पाठीवर असते. माशांची ऊ किंवा काट्यासारखी रुतलेली लर्निया अळी नुसत्या डोळ्यांनी दिसते. मात्र त्यांनी केलेल्या जखमेतूनही हा रोग शिरू शकतो, तेव्हा त्याही नोंदवा.

किती मासे पाहायचे? तलावातल्या शंभरांपैकी दोन मासे रोगट असतील, तर त्यातला निदान एक तरी सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे १५० मासे पाहावे लागतात. शंभरात दहा रोगट असतील तर ३० पुरतात. दोन-चार मासे पाहून ‘आमच्या तलावात काही नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. एका दिवसात जमले नाही तर आठवड्याभराच्या मासेमारीत मिळून पाहा. वहीत तारीख, सकाळचे पाण्याचे तापमान, पाऊस झाला का, कोणत्या जातीचे किती मासे पाहिले आणि किती रोगट निघाले, एवढे लिहा. एकही रोगट नसेल तर ‘शून्य’ आवर्जून लिहा. पुढच्या वर्षी वाढ झाली की नाही, हे त्या शून्यावरूनच कळते.

एका रात्रीत सगळ्या जातींचे मासे उताणे पडले, तर तो रोग नसतो. पहाटे मोठे मासे तोंड वर काढून मेले तर बहुधा प्राणवायू कमी पडलेला असतो. लहानमोठे सगळेच एकदम गेले तर वरून काही दूषित पाणी आले का ते पाहा, लगेच पाण्याचा नमुना बाटलीत भरून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. रोगाची मर हळूहळू, ठरावीक जातींत, दिवसेंदिवस वाढत जाते.

नमुन्याच्या बाबतीत हमखास चूक होते ती मेलेला, फुगलेला मासा पाठवण्याची. त्याचा प्रयोगशाळेला उपयोग नसतो. जिवंत पण आजारी मासा प्राणवायू भरलेल्या पॉलिथिन पिशवीत न्यावा. ते शक्य नसेल तर ताजा मासा बर्फात ठेवावा, गोठवू नये. प्रयोगशाळा लांब असेल तर जखमेच्या कडेचा, म्हणजे निरोगी आणि रोगट मांस जिथे मिळते तिथला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात ठेवावा. जखमेच्या मधला सडका भाग घेऊ नये.

कळवायचे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला. शिवाय लखनौच्या एनबीएफजीआर (राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो) या संस्थेचे ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲप २०२३ पासून उपलब्ध आहे. जखमेचा जवळून आणि पूर्ण माशाचा असे दोन फोटो काढून ठेवा.

उत्तर येईपर्यंत त्या तलावातली मरळ किंवा कोणतेही बीज दुसऱ्या बोडीत सोडू नका. जाळी, डोंगा, टोपल्या कडक उन्हात पूर्ण वाळवूनच दुसऱ्या पाण्यात न्या. बीजाणूंना कोरडेपणा सोसत नाही. मेलेले मासे सांडव्याखाली फेकू नका, तलावाच्या पाळीपासून (बांधापासून) दूर खड्डा करून चुना घालून पुरा. हा रोग माणसाला होत नाही, तेव्हा अफवेने बाजार पडू देऊ नका. जखमा झालेला मासा मात्र विकू नका.

फेब्रुवारीअखेर पाणी तापू लागले की वाचलेल्या माशांच्या जखमा भरू लागतात. तेव्हाही वही बंद करू नका. भरलेल्या व्रणांचे मासे वेगळ्या रकान्यात मोजा, म्हणजे तलावात लागण किती झाली होती याचा अंदाज येईल.