मिक्सर बंद पडला? उघडायच्या आधी या चुका टाळा

मिक्सर बंद पडला की आपल्याकडे दोनच निकाल लागतात, एक तर "मोटर गेली" नाहीतर "जाऊ दे, नवीनच घेऊ". बऱ्याचदा मोटर धडधाकट असते, दुखणं जारमध्ये असतं, किंवा खालचं लाल बटण उडालेलं असतं आणि ते कोणी बघितलेलंच नसतं. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर शोधायच्या आधी एवढं करा. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून करंट येतोय का बघा, मग मिक्सरच्या बुडाचं बटण बघा, आणि मग जार काढून मोटर नुसतीच दोन सेकंद फिरवा. मोकळी मोटर छान फिरली तर मोटरला कशाला शिव्या द्यायच्या, जारकडे वळा. (काही नवीन मिक्सर जार लॉक झाल्याशिवाय चालूच होत नाहीत, तिथे दुसरा जार लावून बघायचं.)

लाल बटण म्हणजे ओव्हरलोडचं बटण. मोटर फार तापली की ते उडतं आणि मिक्सर बंद. इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ते लगेच दाबायचं, परत चालू करायचं, परत उडालं की परत दाबायचं. अहो, ते तुमची मोटर वाचवायलाच दिलंय! प्लग काढा, जार थोडा रिकामा करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग दाबा. रोजच उडायला लागलं तर जार जाम आहे का, बेअरिंग (दांडा ज्यात फिरतो ते कडं) धरलंय का ते शोधा. काहीजण मेकॅनिककडून ते बटण बायपास करून घेतात, असलं काही कुणी सुचवलं तर मिक्सर उचलून सरळ घरी या.

आपल्या सोलापुरात एक वेगळीच भानगड आहे. आवाज कमी व्हावा, ओटा खराब होऊ नये म्हणून मिक्सरखाली जुन्या चादरीचा तुकडा नाहीतर घडी घातलेला टॉवेल ठेवतात, घरोघरी सापडेल. पण मोटरला गार हवा खालच्या फटींतूनच मिळते, ती बंद केली आणि वर एप्रिल-मेचा ४२ डिग्रीचा पारा, शेजारी गॅसवर तवा, मग मोटर तापणार नाही तर काय होणार. कापड काढा, मिक्सर सपाट ओट्यावर स्वतःच्या रबरी पायांवर उभा राहू दे.

आता शेंगा चटणी. मिक्सरचा खरा घात इथे होतो. गरम गरम भाजलेल्या शेंगा तशाच जारमध्ये भरायच्या, तेही गळ्यापर्यंत, आणि एकदम तीन नंबरवर सोडायचं. शेंगदाण्याला तेल सुटतं, खाली चिकट लगदा होतो, पातं त्यात रुततं आणि वरचे दाणे आख्खेच राहतात, म्हणून मग अजून फिरवायचं. चटणीही बिघडते आणि मोटरही. शेंगा पूर्ण गार होऊ द्या, जार अर्धाच भरा, आणि थांबून थांबून पल्स द्या म्हणजे नॉब उलटा फिरवून सोडायचा, मध्ये चमच्याने खालवर करा. उखळातल्या चटणीची सर येणार नाही, पण बरीच जवळ जाते. संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, पोळीच्या सारणासाठी तीळ-शेंगा-गूळ एकत्र टाकतात तेव्हाही हेच, गूळ शेवटी आणि चिरून घाला, त्याचे खडे पात्याला अडकतात.

बऱ्याच मिक्सरच्या माहितीच्या पट्टीवर "३० मिनिटं" असं लिहिलेलं असतं, ते वाचून लोकांना वाटतं सलग अर्धा तास चालतो. तसं नाहीये, सहसा पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा, असं करत करत तीस मिनिटं.

मोटरचा आवाज येतोय पण पातं फिरत नाही, असं असेल तर कपलर बघा, म्हणजे मोटरची फिरकी जारच्या पात्याला देणारे खाचांचे तुकडे, जारच्या बुडाला एक आणि मोटरच्या डोक्यावर एक. ते मुद्दाम नरम ठेवलेले असतात म्हणजे लोड आला की आधी ते झिजतात, मोटर वाचते. बदलायला सोपे, खर्चही किरकोळ, फक्त जुना कपलर सोबत घेऊन नव्या पेठेत दुकानात जा कारण प्रत्येक मॉडेलची खाच वेगळी. चूक कुठे होते तर मोटरचा कपलर नेहमीच्या स्क्रूसारखा उलटीकडे फिरवून काढायला जातात आणि अजून घट्ट करून ठेवतात. मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला फिरवला की तो सुटतो, फक्त शाफ्ट म्हणजे मोटरचा दांडा पकडून ठेवायला लागतो. जारचा कपलर मात्र त्याच्या बरोबर उलटा. हे सगळं प्लग काढूनच, नुसतं बटण बंद करून नाही.

जारखाली काळसर तेलकट ओल दिसली तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलाय. याकडे लोक लय दुर्लक्ष करतात, कारण मिक्सर चालत असतो. पण तेच पाणी कपलरमधून खाली मोटरच्या बेअरिंगपर्यंत जातं आणि दोनशेच्या आतलं काम हजारावर नेतं. पातं हाताने फिरतच नसेल तर मसाला वाळून जाम झालाय, जारमध्ये गरम पाणी घालून ठेवा, जबरदस्ती नको. आणि धुतलेला जार पुसल्याशिवाय मिक्सरवर ठेवायचा नाही, नाही म्हणजे नाही.

फटीतून थोड्या निळ्या ठिणग्या दिसतात त्याला घाबरू नका. मोठ्या, गोल फिरणाऱ्या ठिणग्या आणि जळका वास आला तर कार्बन (मोटरला करंट पोचवणारे दोन छोटे ठोकळे) संपलेत, दोन्ही एकदम बदला. नव्या मिक्सरला पहिल्यांदा येणारा वास मात्र वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या, वार्निशचा असतो, तो जातो.

केकवाल्या ताईंचा स्टँड मिक्सर असेल तर तिथे पिठाचा घट्ट गोळा जास्त स्पीडवर मळू नका, आतला गिअर झिजतो. खूप दिवस पडून राहिला आणि बाऊलमध्ये तेल टपकलं तर ते आतलं ग्रीस सुटलेलं असतं, ते साफ करून फूड-ग्रेड ग्रीस भरावं लागतं.

आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग जळला असेल तर घरी हात घालू नका. वॉरंटी असेल तर आधी कार्ड बघा, मोटरची वॉरंटी बऱ्याचदा बाकीच्या मिक्सरपेक्षा जास्त वर्षं असते, आणि स्वतः उघडला की ती गेली. बाहेर दिलात तर बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या, मागणारच म्हणून आधीच सांगून ठेवा.