हेलियम प्लाझ्मात टंगस्टनची फिलामेंट कशी टिकवावी

हेलियमवर चालणाऱ्या आयन सोर्समधील (वायूपासून आयन तयार करणाऱ्या उपकरणातील) टंगस्टनची फिलामेंट, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारी तार, वारंवार तुटू लागली, की दोष सरसकट हेलियमवर ढकलला जातो. हेलियम मात्र टंगस्टनशी रासायनिक अभिक्रिया करत नाही. म्हणून नवी फिलामेंट बसवण्याआधी जुनीचे तुकडे भिंगाखाली नीट पाहावेत, असा माझा आग्रह आहे.

तार मधोमध, जिथे ती सर्वाधिक तापते तिथे, बारीक झाली असेल आणि चेंबरच्या भिंतींवर पिवळट वा निळसर थर असेल, तर आधी गळती आणि ओल शोधावी. पाण्याची वाफ तप्त टंगस्टनचे ऑक्साइड करते, ते उडून भिंतीवर बसते, तिथे वाफेतून सुटलेला अणुरूप हायड्रोजन त्याचे पुन्हा धातूत रूपांतर करतो आणि पाणी नव्याने तयार होते. त्यामुळे थोडीशी वाफही बराच धातू वाहून नेते. अशा वेळी चेंबर आणि वायूची नळी तापवून कोरडी करणे हाच उपाय.

झीज एकाच पायाशी असेल, तर बहुधा तो ऋण टोकाचा पाय असतो, कारण तिथे आर्कच्या (वायूतून होणाऱ्या विद्युत-विसर्गाच्या) व्होल्टेजमध्ये फिलामेंटवरील व्होल्टेजची भर पडते आणि आयन अधिक जोराने आदळतात. हेलियम आयनाला टंगस्टनचा अणू उडवण्यासाठी सुमारे 110 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि आर्क जितक्या व्होल्टचा, साधारण तितके इलेक्ट्रॉन-व्होल्ट आयनाला मिळतात. हेलियमचे आयनीभवन 24.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टला होत असल्याने आर्क 60 ते 80 व्होल्टवर ठेवणे सहसा पुरते. नळीत आधीचा आर्गॉन उरला असेल, तर मात्र ही मर्यादा उपयोगी पडत नाही, कारण त्याला निम्म्याहून कमी ऊर्जा पुरते. तापवणाऱ्या विद्युतप्रवाहाची दिशा ठरावीक काळाने उलटवल्यास दोन्ही पाय सारखे झिजतात.

क्लॅम्पजवळच्या तुलनेने थंड भागावर मखमलीसारखा काळा थर दिसला, तर ते खरेच हेलियमचे काम. सुमारे 1000 ते 2000 केल्विन तापमानात, हेलियमचे बुडबुडे साचून पृष्ठभागावर अतिसूक्ष्म तंतू उगवतात. फ्यूजन संशोधनात याला ‘फझ’ म्हणतात.

फिलामेंटचा विद्युतप्रवाह स्थिर ठेवू नये, कारण तार बारीक होताच ती अधिक तापते आणि झीज वेगाने वाढते. त्याऐवजी आर्कचा प्रवाह स्थिर राहील असे नियंत्रण लावावे. त्याच आर्क-प्रवाहावर फिलामेंटचे व्होल्टेज आणि प्रवाह रोज नोंदवावेत: व्यास सर्वत्र 10 टक्के घटला, तर त्याच तापमानाला रोध जवळपास 23 टक्के वाढतो. वापरलेली तार पुनर्स्फटिकीकरणामुळे (उष्णतेने धातूतील स्फटिक-कण नव्याने घडून मोठे झाल्यामुळे) थंड असताना ठिसूळ असते, म्हणून ती वाकवून पुन्हा बसवू नये.