केबल सोडून टीव्ही इंटरनेटवर नेताना या चुका टाळा

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये आता फायबरचे इंटरनेट पोहोचले आहे. ते घरात आले, की लगेच केबलवाल्याला किंवा डीटीएच कंपनीला रामराम ठोकण्याचा बेत ठरतो. बेतात गैर काहीच नाही. नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या अनेक घरांत ही जुळणी मीच करून दिली आहे, आणि आमच्या घरचा टीव्हीही इंटरनेटवरच चालतो. मात्र कोथरूडपासून हडपसरपर्यंत त्याच त्या चुका इतक्या वेळा निस्तराव्या लागल्या आहेत, की त्या एकदा लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टीव्ही अडकू लागला, की आधी प्लॅनचा वेग वाढवणे. कोथरूडमधल्या एका निवृत्त काकांच्या घरी 100 एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट वेगाचा) प्लॅन होता आणि संध्याकाळी मालिका सुरू झाली, की पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागे. त्यांनी कंपनीला फोन केला, तेव्हा पलीकडून 300 चा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला. तो घेऊनही फरक पडला नाही, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी वाय-फाय पुढे पोहोचवणारा एक रिपीटर आणून मधल्या खोलीत लावला, आणि टीव्ही आणखीच अडकू लागला. मी गेलो तेव्हा राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, बंद फळीच्या आत ठेवलेला सापडला. टीव्ही तिथून दोन काँक्रीटच्या भिंती ओलांडून होता. राउटरला लॅपटॉप तारेने जोडला, तेव्हा वेग 290 च्या घरात आला. टीव्हीवर मोजला, तेव्हा जेमतेम 7. म्हणजे पैसे 300 चे जात होते आणि टीव्हीच्या वाट्याला 7 येत होते.

यामागचे कारण साधे आहे. अशा ठिकाणी टीव्ही बहुधा 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडलेला असतो. लहरींच्या या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल, म्हणजे वाय-फायच्या वाटा, तीनच असतात, 1, 6 आणि 11. एका इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटचे राउटर त्या तिघांतच दाटीवाटी करतात, आणि संध्याकाळी सगळी घरे एकदम जागी झाली, की कोंडी होते. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, पण तो भिंतीपुढे लवकर हार मानतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे तर त्याचे काहीच चालत नाही. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे मिळणारा वेग जवळपास निम्मा होतो.

माझा उपाय ठरलेला आहे: टीव्ही जागचा हलत नाही, तेव्हा त्याला लॅनची, म्हणजे राउटरपासून थेट येणारी इंटरनेटची तारच जोडावी. काकांच्या घरी त्यासाठी भिंत फोडावी लागली नाही. केबलची जुनी काळी वायर दारापासून टीव्हीपर्यंत ज्या पाइपातून गेली होती, तिच्याच टोकाला कॅट 6 प्रकारची लॅनची तार चिकटपट्टीने घट्ट बांधली आणि दुसऱ्या टोकाकडून सावकाश ओढली. जुनी वायर बाहेर आली, नवी तिच्या जागी बसली. टीव्हीचे लॅन पोर्ट बहुधा 100 एमबीपीएसचेच असते, पण त्याने काही अडत नाही; एचडीला 5 ते 8 आणि 4के चित्राला सुमारे 25 एमबीपीएस पुरतात. काका पुन्हा 100 च्या प्लॅनवर आले आणि टीव्ही तेव्हापासून सुरळीत चालतो आहे. तार ओढण्याचा कंटाळा करून दर महिन्याला जास्त पैसे भरणारी माणसे पाहिली, की मला खरोखर वाईट वाटते.

दुसरी चूक घरातल्या ज्येष्ठांना भोवते. नवे कनेक्शन लागले त्याच दिवशी जुने बंद केले जाते आणि संध्याकाळी आजी विचारतात, ‘माझ्या सातच्या बातम्या कुठे गेल्या?’ अनेकांच्या हे लक्षातच येत नाही, की अ‍ॅपवर मालिकेचे भाग मिळणे आणि वाहिनी थेट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी मालिका एका ठिकाणी मिळत नाहीत: झी मराठीसाठी झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह. मराठी वृत्तवाहिन्यांपैकी बऱ्याच यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात, तर दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये वेव्हज हे अ‍ॅप आणले आहे. म्हणून घरात प्रत्यक्ष काय पाहिले जाते, याची यादी मी आठवडाभर टीव्हीशेजारच्या कागदावर लिहायला लावतो आणि ती हाती आल्याखेरीज एकही वर्गणी घेऊ देत नाही. जुने कनेक्शन निदान महिनाभर सोबत चालू ठेवावे. रिमोटवर तीन आकडे दाबून वर्षानुवर्षे वाहिनी लावणाऱ्या माणसाला चौकोनी चित्रांच्या गर्दीत सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या नेहमीच्या वाहिन्या मुख्य पडद्यावर पहिल्या ओळीत आणून द्याव्यात आणि शेजारी बसून चार संध्याकाळी सराव करून घ्यावा.

‘एकदाच पैसे भरा, सगळ्या वाहिन्या वर्षभर’ असे सांगून विकले जाणारे बॉक्स आणि टेलिग्रामवरून येणारी अ‍ॅप यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. ते प्रक्षेपण चोरीचे असते, ते कधीही बंद पडते, आणि ज्या फोनवरून आपण यूपीआयचे व्यवहार करतो त्याच फोनवर कोणाचे तरी अनोळखी अ‍ॅप बसवणे हा धोका चार पैसे वाचवण्यासाठी पत्करण्यासारखा नाही.

हिशेब करताना लोक डीटीएचच्या रिचार्जची तुलना फक्त अ‍ॅपच्या वर्गणीशी करतात. ब्रॉडबँडचे बिल आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी त्यात धरलाच पाहिजे. केवळ मोबाइलपुरता असलेला स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही, आणि एका वेळी किती पडद्यांवर पाहता येते, हेही आधी वाचावे. टीव्ही जुना असेल, तर त्यातली अ‍ॅप अडखळतात. अशा वेळी नवा टीव्ही न घेता एचडीएमआयला लावायची, अ‍ॅप चालवणारी स्टिक घ्यावी.

क्रिकेटच्या सामन्यात शेजारी आधी ओरडतात, याचा दोष वेगाला देऊ नये. इंटरनेटवर चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते आणि त्यांतले काही तुकडे साठवूनच दाखवले जाते, त्यामुळे ते अनेकदा 20 ते 40 सेकंद मागे असते.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे ठाऊक असूनही राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबरची तार घरात जिथे जोडली जाते तो डबा) इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्यायला लोक विसरतात. इन्व्हर्टर नसेल, तर या दोघांपुरता छोटा यूपीएस बसवावा.

वर्गणी घेताना ऑटोपे सुरू केले असेल, तर पैसे कापण्याच्या निदान 24 तास आधी बँकेकडून सूचना येते. ती न वाचता पुसून टाकू नये. जुना सेट-टॉप बॉक्स भाड्याचा असेल, तर तो परत करताना त्यावरचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवावी.