रत्नागिरी आणि मॅनॉस: दोन दूरच्या ठिकाणांची तुलना करताना या चुका टाळा

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील जोडीने आले तेव्हापासून हिवाळ्यात माझ्या टेबलावर प्रकल्पांच्या वह्यांचा ढीग लागतो. 'माझा जिल्हा आणि ब्राझीलमधले एक शहर' हा विषय मीच देतो. अख्खा देश मुलांच्या आवाक्यात येत नाही, आपला जिल्हा येतो. निम्म्या वह्यांत रत्नागिरी आणि मॅनॉस हीच जोडी असते, कारण ॲमेझॉनचं नाव मोठं. जोडी खरोखर उत्तम आहे. पण चुका दरवर्षी त्याच होतात, आणि या तुलनेत शिकण्यासारखं जे आहे तेच त्या चुकांखाली गाडलं जातं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे वर्षाच्या एकूण पावसावरून हवामान ठरवणं.

मागे तालुक्याच्या एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसलो होतो. तीन मुलींनी सुंदर तक्ता केला होता. निळ्या कागदाचे दोन स्तंभ. रत्नागिरीचा उंच, तीन हजार मिलिमीटरच्या वर. मॅनॉसचा बुटका, साधारण तेवीसशे. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: 'रत्नागिरीत मॅनॉसपेक्षा जास्त पाऊस पडतो, म्हणून रत्नागिरीचे हवामान अधिक दमट व विषुववृत्तीय आहे.' आकडे दोन्ही बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा.

मी विचारलं, "तुमच्या वाडीतली विहीर मे महिन्यात कशी असते?"

"आटते सर. टँकर येतो."

"आणि पऱ्ह्या, तो वाडीतला ओढा?"

"तो शिमग्याच्या आधीच सुकतो."

"मग मॅनॉसलाही टँकर येत असेल का?"

त्यातली एक मुलगी तक्त्याकडे वळून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, पाऊस कधी पडतो ते आम्ही लिहिलंच नाय." तिला कळलं होतं. शेजारी उभे असलेले मार्गदर्शक शिक्षक मात्र म्हणाले, "मार्कांना एवढं पुरतं हो." त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मुलगी स्वतःच्या विहिरीवरून हवामान समजून घ्यायला निघाली होती आणि तिला तिथेच थांबवलं गेलं.

रत्नागिरीच्या पावसातला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीपाशी वर चढतात, थंड होतात आणि किनारपट्टीवर रिकामे होतात. जानेवारी ते एप्रिल पाऊस जवळजवळ शून्य. पडलेलं पाणीही टिकत नाही, कारण जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि नद्या आखूड. मॅनॉस विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला. तिथे अटलांटिकवरून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचं बाष्प आणि जंगलाने हवेत सोडलेलं बाष्प दोन्ही असतं. दिवसभर तापलेली हवा वर जाते आणि पाऊस होतो. सगळ्यात कोरड्या ऑगस्टमध्येही पन्नास-साठ मिलिमीटर पडतो. म्हणून तिथे सदाहरित जंगल, आणि आपल्याकडे फेब्रुवारीत पिवळे पडणारे कातळसडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं.

तापमानाचंही तेच. वार्षिक सरासरी दोन्हीकडे सत्तावीस अंशांच्या जवळपास येते आणि मुलं लिहून मोकळी होतात, 'तापमान सारखे'. रत्नागिरीत जानेवारीची दुपार जुलैच्या दुपारपेक्षा जास्त गरम असते, हे किती जणांनी वहीत मांडलंय? जुलैत ढग ऊन अडवतात, म्हणून कमाल तापमान खाली येतं. जानेवारीत दुपार तापते, पण पहाटे गारवा पडतो. त्या गारव्यावर आणि कोरड्या हवेवर हापूसचा मोहोर अवलंबून. मोहोरावर अवकाळी सर आली की भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग आलेच. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, त्याने ते वहीत आणायला हवं. 'दोन्हीकडे काजू होतो, म्हणून हवामान सारखे' असंही कुणीतरी हमखास लिहितं. काजू मूळचा ब्राझीलचा हे खरं, पण त्यांच्या ईशान्य किनाऱ्याकडचा. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला. मॅनॉसशी त्याचा संबंध जोडू नका.

यावर माझी सवय एकच आहे. आलेख कागदावर बारा महिन्यांचे बारा स्तंभ हाताने काढायला लावतो, दोन्ही ठिकाणांचे एकाच प्रमाणात. संगणकाने काढलेला आलेख मी घेत नाही. यंत्र दोन आलेखांना आपापलं वेगळं प्रमाण देतं आणि मॅनॉसचा मार्च आपल्या जुलैएवढा दिसायला लागतो. रत्नागिरीच्या जुलैचा स्तंभ काढताना कागद अपुरा पडतो, दुसरा जोडावा लागतो. तो कागद जोडताना मुलाला जे समजतं ते मला फळ्यावर समजावता येत नाही.

आता स्थान. इथे घाई नडते. फोनवर अक्षांश-रेखांश मिळतात, मुलं उतरवतात आणि दिशा गाळतात. मॅनॉस ३° दक्षिण, ६०° पश्चिम. 'पश्चिम' गळलं की तुमचं शहर हिंदी महासागरात, सेशेल्स बेटांच्या पूर्वेला. रत्नागिरीचे अक्षांश आणि रेखांश उलटे लिहिले तर ते नॉर्वेच्याही उत्तरेला आर्क्टिकच्या पाण्यात जातं. मिनिटांना दशांश समजण्याची चूक तर शिक्षकही करतात. रत्नागिरी १६°५९' उत्तर, ७३°१८' पूर्व. हेच १६.५९ आणि ७३.१८ असं टाकलं की खूण विजयदुर्गासमोरच्या समुद्रात पडते. मिनिटांना साठने भागा, मगच दशांश लिहा.

रेखांशांतला फरक काढताना ७३ मधून ६० वजा करणाऱ्यांना एवढंच सांगतो, की दोन ठिकाणं मूळ रेखावृत्ताच्या दोन बाजूंना असली की बेरीज करायची. १३३ अंश होतात. स्थानिक वेळेत जवळजवळ नऊ तासांचा फरक, घड्याळाच्या प्रमाणवेळेत साडेनऊ तासांचा. आपल्याकडे दिवेलागणीचे सात वाजले की तिथे त्याच दिवशी सकाळचे साडेनऊ.

'ब्राझील दक्षिण गोलार्धात, म्हणून मॅनॉसला जुलैत थंडी' हे वाक्य खोडून टाका. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ आपल्या अर्थाने हिवाळा नसतो.

लोकसंख्येत मला सगळ्यात जास्त खुपते ती घनता. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९, क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर, घनता १९७. ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेत मॅनॉसच्या नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८,०२,०१४, क्षेत्रफळ सुमारे ११,४०० चौरस किलोमीटर, घनता १५८. वहीत येतं, 'दोन्ही ठिकाणी घनता मध्यम, वस्ती सारखी'. इथे मला पेन खाली ठेवावासा वाटतो. मॅनॉसच्या त्या क्षेत्राचा बहुतेक भाग जंगल आहे आणि जवळजवळ सगळी माणसं निग्रो नदीकाठच्या एका शहरात दाटलेली आहेत. रत्नागिरीत शंभरातली सोळाच माणसं शहरी, बाकीची वाडीवाडीतून विखुरलेली. दोन वाड्यांमध्ये कलमांची बाग, कातळ, एखादी खाडी. भागाकाराचं उत्तर जवळपास आलं म्हणून वस्ती सारखी होत नाही.

तेच आकडे दहा वर्षं मागे नेऊन पाहा. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, म्हणजे दहा वर्षांत लोकसंख्या घटली. सिंधुदुर्गचंही तेच. मॅनॉस त्याच काळात सुमारे चार लाखांनी वाढलं. तिथे १९६७ साली करमुक्त क्षेत्र झालं, इलेक्ट्रॉनिक्सचे आणि मोटारसायकलींचे कारखाने आले, नदीकाठच्या गावांतून माणसं शहरात आली. आपली माणसं मुंबईला गेली. २०११ साली जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण मोजणीच्या वेळी कर्ते पुरुष मोठ्या संख्येने बाहेर होते. ज्या मुलाचा बाप चाकरमानी आहे आणि गणपतीला घरी येतो, त्या मुलाने हा आकडा कोरडेपणाने उतरवून पुढे जावं याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्या घराची गोष्ट आहे ती. म्हणून घनतेखाली दोन ओळी सक्तीच्या: माणसं नेमकी कुठे राहतात, आणि येतायत की जातायत.

रत्नागिरी शहर (पाऊण लाखाच्या आसपास) आणि मॅनॉस यांची तुलना करू नका, प्रशासकीय पातळ्या वेगळ्या. जिल्हा घेतला तर सगळीकडे जिल्हाच घ्या.

वर्षांचं भान ठेवा. ब्राझीलची २०२२ ची जनगणना सहज सापडते, मॅनॉस वीस लाखांच्या वर गेलेलं दिसतं, आणि मुलं ते आपल्या २०११ च्या आकड्याशेजारी मांडतात. तसं करू नका, २०१० आणि २०११ ही जोडी लावा. हवामानासाठी उलट नियम, एका वर्षाचा आकडा कधीच नको. २०२३ च्या ऑक्टोबरात मॅनॉसच्या बंदरातली नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली, पुढच्या वर्षी त्याहूनही खाली. चिपळूणचा २०२१ चा महापुराचा जुलैही तसाच, तो एकटा घेतला तर कोकणाचं चित्र बिघडतं. तीस वर्षांच्या सरासरीचे तक्ते आपलं हवामान खातं देतं, ब्राझीलचं त्यांचं खातं देतं. ते शोधायला एक संध्याकाळ जाते. जाऊ द्यावी. ज्या आकड्याशेजारी वर्ष लिहिलेलं नाही, त्याला मी लाल पेनाने गोल करतो आणि वही परत देतो.