जुन्या होडीतला संडास: पावसाळ्यात उरकायची तयारी

जुनी शिडाची होडी घेतली की माणूस आधी शिडं बघतो, मग इंजिन. संडासाची आठवण होते ती पहिल्या मुक्कामी नांगर टाकल्यावर. तोवर उशीर झालेला असतो, कारण यातलं मुख्य काम होडी पाण्याबाहेर असतानाच करता येतं. गोव्यात पावसाळाभर होडी किनाऱ्यावर टेकूंवर उभी असते, तेव्हाच हे उरकायचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ट्रॉलर दुरुस्तीला लागतात. चांगला मेस्त, म्हणजे कारागीर, हवा असेल तर त्याला मे महिन्यातच गाठून ठेवा.

सुरुवात भांड्यापासून करू नका, संडासाचं पाणी आत-बाहेर करायला होडीच्या बुडाला पाडलेल्या भोकापासून करा. तिथला व्हॉल्व्ह कसला आहे ते आधी बघायचं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पितळी व्हॉल्व्ह दिसायला झकास असतो, पण खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि उरतं ते गुलाबीसर, भुसभुशीत तांबं. चाकूने खरवडून बघा. आत गुलाबी रंग दिसला तर भावनेच्या भरात न जाता काढून टाका आणि ब्राँझचा बसवा. अर्धा मीटर पाण्याखालच्या ३८ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं, म्हणून इथे काटकसर नको. व्हॉल्व्ह तुटलाच तर भोकात ठोकायला मऊ लाकडाची निमुळती खुंटी प्रत्येक व्हॉल्व्हला सुतळीने बांधून ठेवा. पेटीत ठेवलेली खुंटी वेळेला सापडत नाही.

मग नळ्यांचा रस्ता आखा. भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल तर समुद्राचं पाणी सायफनने आपोआप आत येऊ शकतं. ते टाळायला नळीला उंचावर वळसा द्यायचा आणि वळशाच्या डोक्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा. उंची होडी सरळ उभी धरून मोजली तर फसाल. वाऱ्याने पुरती कलल्यावरही वळसा पाण्याच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे. पाणी आत घेणाऱ्या बाजूचा वळसा पंप आणि भांडं यांच्या मधे येतो. तो पंपाच्या आधी टाकला तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढत बसतो.

नळी घेताना संडासासाठीचीच जाड नळी घ्या. शेतीपंपाची हिरवी सक्शन नळी स्वस्त पडते, पण थोड्याच दिवसांत तिच्या भिंतीतून वास झिरपू लागतो. जुन्या नळीची परीक्षा सोपी आहे. गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिच्याभोवती गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास आला तर नळी गेली. लांबीही कमीत कमी ठेवा. ३८ मिलिमीटरच्या नळीत मीटरला एक लिटरहून थोडं जास्त मावतं. तीन मीटरची नळी धुवायला जवळजवळ साडेतीन लिटर पाणी मारावं लागतं आणि पाहुणे तेवढं कधीच मारत नाहीत. पाण्याखालच्या प्रत्येक जोडाला स्टेनलेसचे दोन क्लॅम्प लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला.

मैला साठवायच्या टाकीचा हिशेब बसल्याबसल्या होतो. चार माणसं, दिवसाला पाच खेपा, खेपेला दोन लिटर म्हणजे चाळीस लिटर. भरली की चाळीस किलो, म्हणून ती खाली आणि मध्यावर. पण टाकीचं खरं दुखणं असतं हवेच्या नळीत. आत हवा खेळती राहिली तर मैला फारसा घाण न करता कुजतो. ती कोंडली की सडक्या अंड्याचा वास सुटतो. एका सप्टेंबरात मी होडी पाण्यात उतरवली, पंप मारायला लागलो तर दांडा दगडासारखा घट्ट. टाकी फुगून पोट वर काढलेली. हवेच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने पावसाळ्यात मातीचं सुबक घर बांधलं होतं. तेव्हापासून होडी टेकूंवर चढली की मी त्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधतो.

टाकी रिकामी कुठे करणार, हेही आधी ठरवा. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं परिशिष्ट मोठ्या जहाजांसाठी आहे, तुमच्या होडीला ते थेट लागू होत नाही. तरी त्यातला मापदंड घेण्याजोगा आहे: प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या, वेगाने तिथवर जवळजवळ अडीच तास लागतात. मांडवीत किंवा झुआरीत टाकी उघडणाऱ्याने एकच आठवावं, की भरतीचं पाणी उलटं आत येतं. झुआरीच्या काठच्या चिखलीच्या उपसागरात शिंपल्यांच्या वसाहती आहेत, जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना लावायचे तेही शिंपले त्यात आले. आणि तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, शेवटी आपल्याच ताटात येतात.

पंपाचं रबरी सामान, विशेषतः बाहेरच्या तोंडाचा चिरा पाडलेला रबरी व्हॉल्व्ह, दर हंगामाला बदला आणि एक जादा जवळ ठेवा. खारं पाणी आणि लघवी यांचा मिळून नळीत चुन्यासारखा थर बसतो. त्यावर आठवड्याला दोन कप व्हिनेगर, रात्रभर, आणि सकाळी भरपूर पाणी. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच करू नका, क्लोरीन वायू सुटतो. केबिनमध्ये पळायला जागा नसते.

होडी बंद करून घरी जाताना खाऱ्या पाण्याची नळी गोड्या पाण्याने धुवा. त्यात अडकलेले बारीक जीव मरून जो वास येतो त्याचा दोष लोक उगीच टाकीला देतात. बेसिनचं पाणी टी-जोडाने त्या नळीत घेतलं की बुडाचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाचे चार दांडे मारायचे, झालं.

होडी उतरवण्याआधी टाकी गोड्या पाण्याने काठोकाठ भरून एक रात्र तशीच ठेवा आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरा. सकाळी ओला डाग दिसला तर तो जोड टेकूंवरच आवळता येतो. उतरवल्यावर पहिल्या रात्री तळाच्या फळ्या उघड्या ठेवून होडीतच झोपा. मधे एकदा उठून टॉर्च लावून बुडाच्या व्हॉल्व्हभोवती बोट फिरवून बघा.