पीसीवरून ५.१ आवाज: सेटिंगला हात लावण्याआधी या चुका टाळा

"मागचे स्पीकर वाजत नाहीत" असा फोन आला की मी एकच विचारतो: रिसीव्हरच्या, म्हणजे पीसीचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, डिस्प्लेवर काय लिहून आलंय? पलीकडून उत्तर येतं, "थांबा, बघून सांगतो." म्हणजे तोवर विंडोज पुन्हा टाकून झालेलं असतं, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून नवी वायर आणून झालेली असते, व्हिडिओ बघत बघत दिसेल ते सेटिंग फिरवून झालेलं असतं. फक्त नाकासमोर चमकणारी ती ओळ कुणी वाचलेली नसते.

तिथं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस (आवाज दाबून पाठवायच्या दोन पद्धती) दिसलं, तर पीसी मूळ प्रवाह जसाच्या तसा पाठवतोय आणि रिसीव्हर तो उलगडतोय. मल्टिचॅनल दिसलं, तर उलगडायचं काम पीसीनंच केलंय. दोन्ही ठीक. पण नुसतं पीसीएम (न दाबलेला आवाज) किंवा प्रो लॉजिक दिसलं, तर बहुतेक वेळा ५.१ च्या सहा चॅनलपैकी (पाच स्पीकर, एक सबवूफर) दोनच पोचतायत. पाचही डबे वाजत असले तरी ते रिसीव्हरनं दोनाचे पाच केलेत. 'ऑल चॅनल स्टिरिओ'चं बटण दाबून "झालं सराउंड" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे आवाज टीव्हीतून फिरवून आणणं. पीसीची एचडीएमआय टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल (आवाज प्रकाशातून नेणारी वायर) रिसीव्हरला. मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांकडे हेच होतं. पुण्याच्या मुलानं सुट्टीत येऊन सगळं जोडून दिलं आणि तो परत गेला. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून काकांनी साउंड कार्ड घेतलं. मग मंडळाच्या डॉल्बीवर बसणारा एक ओळखीचा पोरगा आला. त्यानं मागचे स्पीकर पुढं लावून बघितले, ते वाजले, तेव्हा "स्पीकर ओके, पीसीच गंडलाय" असा निकाल देऊन तो गेला. मी पोचलो तेव्हा काका वैतागलेले होते. "आरं, पैसं घालून बसलोय, आणि मागचं दोन तोंडच उघडंनात बघ."

दोष पीसीचा नव्हता. एचडीएमआयवर पलीकडचं यंत्र आपल्याला काय काय जमतं याची यादी पीसीला देतं. तिला ईडीआयडी म्हणतात. टीव्हीला स्वतःचे दोनच स्पीकर, त्यानं 'दोन चॅनल' असं कळवलं आणि विंडोजनं ५.१ चा पर्यायच दाखवणं बंद केलं. नसलेला पर्याय शोधण्यात काकांच्या रात्री जात होत्या. रिसीव्हरच्या मागं एचडीएमआयची तोंडं रिकामी होती. ती का वापरली नाहीत? तर भिंतीतल्या पाइपातून वायर टीव्हीपर्यंतच ओढली होती आणि रिसीव्हर दुसऱ्या भिंतीला. मी भिंतीकडेनं उघडी वायर टाकली: पीसीतून रिसीव्हरला आणि रिसीव्हरमधून टीव्हीला. काकूंना ती वायर आजही आवडत नाही. पण डिस्प्लेवर मल्टिचॅनल आलं, आणि साउंड कार्ड डब्यात परत गेलं.

रिसीव्हर जुना असून ४के चित्र टीव्हीकडे जाऊ देत नसेल, तर पीसीच्या मदरबोर्डवरून थेट ऑप्टिकल घ्या. टीव्हीमधून फिरवणं भागच असेल, तर एआरसी आणि ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच उलटा रिसीव्हरकडे आणायच्या दोन सोयी) यांतला फरक बघून घ्या. ट्रूएचडी हा डॉल्बीचा मोठा, लॉसलेस फॉरमॅट साध्या एआरसीवरून येत नाही, त्याला ईएआरसीच लागतं.

ऑप्टिकल घेतली की दुसरी लाडकी चूक दारात उभी असते. कोडी या सिनेमे बघायच्या प्रोग्राममध्ये 'नंबर ऑफ चॅनल्स' असं एक सेटिंग आहे. घरात ५.१ स्पीकर, म्हणून लोक तिथं ५.१ करतात. हिशोब मांडून बघा. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झचं एक पीसीएम चॅनल ७६८ केबीपीएसचं (सेकंदाला ७६८ किलोबिट). दोन चॅनलचे झाले १५३६, सहाचे ४६०८. ऑप्टिकलवर पीसीएमचे दोनच चॅनल जातात. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ६४० आणि साधं डीटीएस १५०९ केबीपीएस, म्हणून तेवढे त्यात बसतात. तेव्हा ऑप्टिकल असेल तर तिथं २.० च ठेवायचं, पासथ्रू (मूळ प्रवाह न उलगडता पाठवणं) चालू करायचं आणि रिसीव्हरला झेपतात तेवढ्याच फॉरमॅटसमोर खुणा करायच्या. २.० ठेवलं तरच खालचं डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटचं डॉल्बी डिजिटल करून पाठवणं, चालतं. ज्या फाइलमध्ये ट्रूएचडी किंवा एएसी ५.१ आहे तिचं ५.१ ऑप्टिकलवरून ऐकायचा तोच मार्ग.

"२.० केलं तर स्टिरिओच येणार की!" हे मला दर वेळी ऐकावं लागतं. नाही येणार. तो आकडा पीसीएमचा आहे, पासथ्रूचा नाही. करून बघा आणि डिस्प्ले वाचा.

सगळ्या खुणा एकदम करून टाकणारे वेगळेच. रिसीव्हरला न समजणारा प्रवाह गेला तर नशीब असेल तर शांतता, नसेल तर कान फाडणारी खरखर. मी आधी आवाज तळाला आणतो, मग एकच खूण करतो, ऐकतो, मग दुसरी. उतावळ्यांना हे रटाळ वाटतं, पण स्पीकरमधला फुटलेला ट्वीटर (बारीक आवाजाचा भाग) बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो.

बाकीचं थोडक्यात. संगीत दणक्यात पण संवाद गायब: स्पीकर दोन आणि विंडोजमध्ये ५.१ निवडलंय, मधला चॅनल हवेत जातोय. स्टिरिओ करा.

पासथ्रूवर पीसीचा व्हॉल्यूम चालत नाही. तो बिघाड नव्हे, रिसीव्हरचा रिमोट उचला.

ऑप्टिकलवर विंडोजमधलं 'कॉन्फिगर' बटण पुसट दिसतं. दिसू दे. 'सपोर्टेड फॉरमॅट्स'मध्ये जाऊन डॉल्बी डिजिटलची चाचणी वाजवा.

सिनेमा ५.१ आणि गेम दोनच चॅनलचा? गेमचा आवाज पीसीएम असतो. ऑप्टिकलवर त्याला डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असलेलं, म्हणजे आवाज तिथल्या तिथं दाबून पाठवणारं, कार्ड लागतं, नाहीतर एचडीएमआय.

नव्या ऑप्टिकल वायरच्या टोकावरची प्लॅस्टिकची बारीक टोपी काढलीत का? हसू नका.

आधी रिसीव्हर, मग टीव्ही, शेवटी पीसी चालू करा, म्हणजे ती ईडीआयडीची यादी नीट वाचली जाते.

आणि जुन्या घरात स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल, तर केबल टीव्हीची वायर काढून बघा, पीसी आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर लावून बघा, डिजिटल कोॲक्सियल असेल तर ऑप्टिकल जोडून बघा. काहींनी यावर प्लगची अर्थिंगची पिनच उडवायचा उपाय काढलाय. तो करू नका, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.