व्हिडिओ सर्किट स्विचिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

दूरसंचार कंपनीच्या व्हिडिओ नियंत्रण कक्षात रुजू झालो, तेव्हा पहिले काही दिवस मला हे काम केवळ बटणांचे वाटले होते. डेस्टिनेशन (चित्र जिथे पाठवायचे ते ठिकाण) निवडायचे, सोर्स (चित्र जिथून येते ते ठिकाण) निवडायचा आणि ‘टेक’ हे जोडणीची आज्ञा देणारे बटण दाबायचे, एवढेच वरून दिसते. पण टेक दाबल्यावर राउटरमध्ये, म्हणजे सोर्स डेस्टिनेशनला जोडणाऱ्या यंत्रात, काय घडते हे समजल्याशिवाय थेट प्रक्षेपणाच्या वेळी कोणीही पॅनेलवर बसू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात. बटण केव्हाही दाबले, तरी राउटर क्रॉसपॉइंट (सोर्स आणि डेस्टिनेशन यांचा जोडबिंदू) बदलण्यासाठी चित्र नसलेल्या ठरावीक ओळीची वाट पाहतो. ६२५ ओळींच्या पद्धतीत ही ओळ सहावी किंवा ३१९वी, तर १०८० इंटरलेस्डमध्ये (विषम आणि सम ओळी आळीपाळीने पाठवणाऱ्या एचडी पद्धतीत) सातवी किंवा ५६९वी असते. दोन्ही सोर्स एकाच संदर्भ सिग्नलला, म्हणजे उपकरणांना समान वेळ देणाऱ्या सिग्नलला, बांधलेले असतील, तरच ती ओळ दोघांचीही एकदम येते. मैदानावरचा फीड तिथल्या ओबी व्हॅनच्या (बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीच्या) घड्याळावर चालतो, म्हणून त्याच्या वाटेत फ्रेम सिंक्रोनायझर (येणाऱ्या चित्राची वेळ आपल्या संदर्भाशी जुळवणारे उपकरण) आहे ना, हे आधी पाहावे. नसेल तर स्विच करताना चित्र हमखास उडते.

एका सामन्याच्या रात्री मुख्य फायबरवरचे चित्र फुटू लागले. मी राखीव सर्किट घेतले, पॅनेलवरचा दिवा लागला आणि मी टॉकबॅकवर (कर्मचाऱ्यांच्या आपसातील बोलण्याच्या यंत्रणेवर) ‘राखीववर आहोत’ असे सांगून मोकळा झालो. चित्र मात्र फुटतच होते, कारण ते डेस्टिनेशन दुसऱ्या पॅनेलवरून लॉक केलेले होते. दिवा माझी आज्ञा गेल्याचा होता, राउटरने ती मानल्याचा नव्हता. तेव्हापासून मी राउटरकडून परत येणारी स्थिती वाचतो, मॉनिटरवर चित्र पाहतो, ध्वनी ऐकतो आणि मगच बोलतो.

आता एसटी २११० हे आयपीवरून व्हिडिओ आणि ध्वनी पाठवण्याचे मानक आल्यापासून हेच काम आयपी जाळ्यावर होऊ लागले आहे. तिथे स्वच्छ स्विचसाठी बहुधा नवा मल्टिकास्ट प्रवाह (एकाच वेळी अनेकांना घेता येणारा) आधी जोडून जुना मग सोडतात, त्यामुळे क्षणभर दोन्ही प्रवाहांची बँडविड्थ लागते आणि काठोकाठ भरलेल्या पोर्टवर त्याच क्षणी पॅकेट गळतात. नवख्यांनी पीटीपी (जाळ्यावरील उपकरणांची घड्याळे जुळवणारी पद्धत) आणि मल्टिकास्ट हे दोन विषय आधी पक्के करावेत, आणि पाळी सुरू होताच प्रक्षेपणात नसलेल्या एखाद्या डेस्टिनेशनवर मुख्य व राखीव दोन्ही सर्किटे स्वतः घेऊन पाहावीत.